सदतीस-नऊ

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायको गेली, तिला शेवटपर्यंत कळली नाही. मुलाला ठाऊक नाही. ज्या माणसाच्या बाबतीत घडली, त्यालाही मी सांगितली नाही — म्हणजे त्याला कळली, पण माझ्याकडून नाही. हा फरक बारीक वाटतो का तुम्हाला? मलाही बरीच वर्षं तसाच वाटत होता.

तुम्ही म्हणाल, मग आम्हालाच का सांगता? तुमच्यावर विश्वास आहे म्हणून नव्हे. माझा कुणावर चटकन विश्वास बसतच नाही. दूधवाला गेला की दूध बोटावर घेऊन पाहणारा माणूस मी. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, जिना उतरायचा, आणि परत वर जाऊन चौथ्यांदा ओढायचं. बायको म्हणायची, ह्यांना देवानं हातात प्रसाद दिला तरी आधी वास घेतील. मी हसायचो. मला तो गुण वाटायचा, आणि वर्कशॉपमध्ये तो गुणच होता. आवळलेला नट पुन्हा एकदा तपासत नाही अशा मेकॅनिकच्या गाडीत मी आजही बसणार नाही.

पण नटावर घ्यायचा संशय मी माणसांवर घेत गेलो. आणि ज्या एका वेळी तो स्वतःवर घ्यायचा होता — तिथं घेतला नाही. थांबा, हे असं नाही सांगता येणार. आधी गाडीचं सांगतो.

तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणत. चिकलठाण्याला जागा पुरेना म्हणून वाळूजच्या माळावर नवे कारखाने उभे राहत होते. माळावर वरती वीतभर माती आणि खाली नुसता काळा पाषाण. कुठलाही पाया खणायचा तर आधी कॉम्प्रेसर लागायचा — चाकांवरचं ते अवजड धूड, हवेच्या दाबानं दगडाला भोकं पाडणारं. आमचे मालक हीच कामं घ्यायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. छावणीच्या अलीकडे त्यांची शेड होती आणि मी तिथला फोरमन. आजोबांपर्यंत भिक्षुकी, वडिलांची कारकुनी, आणि त्या घरात नखांत ग्रीस घेऊन परतणारा मी पहिलाच. औरंगपुऱ्यात दोन खोल्यांत राहायचो. डिप्लोमा झालेला होता, आणि तो झालाय हे मी कुणाला विसरू देत नसे.

अण्णांनी लिलावात एक जुनी पिकअप घेतली. तिचं पेट्रोलचं इंजिन काढून आम्ही डिझेलचं बसवलं. मग प्रश्न आला मागच्या अ‍ॅक्सलचा. तिथल्या हाउसिंगमध्ये, म्हणजे तेलानं भरलेल्या लोखंडी पेटीत, दोन दातेरी चाकं असतात, मोठं ते क्राऊन आणि लहान ते पिनियन. मोठ्याला किती दात आणि लहानाला किती, यावर गाडी पळणार की ओढणार ते ठरतं. तिचा मूळचा जोड त्रेचाळीस-आठ होता, म्हणजे ओढणारा. पण डिझेलचं इंजिन फार वेगानं फिरत नाही, त्यामुळे त्या जोडावर गाडी रस्त्याला रडायची. मी शहागंज पालथं घालून एक सदतीस-नऊ मिळवला. तो पळणारा. बसवला, आणि गाडी सुटली. अण्णांनी नगर रोडला स्वतः चालवून पाहिली आणि शेडमध्ये सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. निवड चुकली नव्हती. रिकाम्या गाडीसाठी चुकली नव्हती, असं म्हणू.

त्या पिकअपवर ड्रायव्हर होता उत्तम वाहूळ. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, विद्यापीठाच्या बाजूला एका वस्तीत राहणारा. इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी खाली वाकून तेल कुठं गळतंय का ते पाहायचा. आता आठवलं की वाटतं, सगळ्या शेडमध्ये माझ्यासारखं वारंवार तपासणारा तो एकटाच होता. तेव्हा मात्र मी विचार करायचो — हा खाली वाकून नक्की काय बघतो?

ते दिवसच तसे होते, असं मी म्हणणार नाही. दिवसांवर ढकलणं फार सोपं आहे. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पेटायचा, विझल्यासारखा व्हायचा, पुन्हा पेटायचा. खेड्यांत घरं जळाली होती. त्यातलं एक उत्तमच्या मामाचं. ही गोष्ट सगळ्या शेडला माहीत होती आणि त्यावर त्याच्याशी एक शब्दही कुणी बोललं नव्हतं, मीही नाही. आमच्या गल्लीत संध्याकाळी ओट्यावर एकच विषय असायचा : आता ‘ते’ काय करतील? ते म्हणजे कोण, हे कुणी विचारत नसे.

उत्तम मोर्चाला जायचा. रीतसर रजा मागून, कशासाठी ते सांगून जायचा. हे सांगून जाणंच मला खुपायचं. लपूनछपून गेला असता तर मी त्याला पकडलं असतं आणि मला बरं वाटलं असतं. एकदा तो जेवायला गेलेला असताना मी पिकअपचा पुढचा खण उघडून पाहिला. काय मिळेल असं मला वाटलं होतं, कोण जाणे. घडी केलेलं निळं उपरणं होतं, एक कंगवा, आणि मुलीच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल. मी सगळं होतं तसं ठेवलं आणि तरीही माझं समाधान झालं नाही. काही सापडलं नाही म्हणजे हा हुशार आहे, असा माझा हिशेब. हसू नका. संशयी माणसाचं गणित असंच चालतं. त्यात बाकी कधी शून्य येत नाही.

कॉम्प्रेसर ओढणारा ट्रॅक्टर निकामी झाला तेव्हा अण्णांनी ठरवलं की हे काम आता पिकअपनं करायचं. मला बोलावून म्हणाले, जुना क्राऊन परत टाका, ओढायचा. मला पटलंच होतं. मीही तेच सुचवणार होतो — निदान अजून तसं म्हणावंसं वाटतं. मी केबिनच्या दारापर्यंत पोचलो, आणि ते मागून सहज म्हणाले की उत्तम सांगत होता, ह्या क्राऊनवर वजन निघायचं नाही.

म्हणजे सल्ला अण्णांचा नव्हता. तो त्यांच्या कानात घातला गेला होता, माझ्या पाठीमागं. खरं तर पाठीमागं वगैरे काही नव्हतं. ड्रायव्हर मालकाशी बोलला, एवढंच. पण माझ्या डोक्यात जे आलं ते स्वच्छ सांगतो : आता ह्यांनी मला क्राऊन शिकवायचा? ‘ह्यानं’ असं आलं नाही. ‘ह्यांनी’ असं आलं. एका माणसाचा राग नव्हता तो.

मी घरी जाऊन कागदावर आकडेमोड केली. इंजिनची ताकद, टायरचा घेर, कॉम्प्रेसरचं वजन. सदतीस-नऊवरसुद्धा गाडी ओढू शकते असं उत्तर येईपर्यंत मी ती करत राहिलो. सपाट रस्त्यावर ते खरंही होतं. चढ मी त्यात धरलाच नव्हता.

मग गाडी दोन दिवस घोडीवर उभी राहिली, चाकं काढून. तिसऱ्या दिवशी मी अण्णांना सांगितलं, झालं काम. त्या दोन दिवसांत काय झालं — इथं येऊन मी नेहमी थांबतो. मनातल्या मनात सांगतानासुद्धा थांबतो.

उत्तमची एक पद्धत होती. शेडच्या फाटकाजवळ थोडा चढ आहे. मागं वजन जोडायचं, चढावर गाडी उभी करायची, आणि अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन न मरता गाडी हलली तर क्राऊन वजनाचा, नाहीतर नाही. कुठल्या पुस्तकात ही चाचणी नाही. त्यानं पहिल्याच सकाळी कॉम्प्रेसर जोडून ती केली, आणि इंजिन मेलं. पुन्हा केली, पुन्हा मेलं. तो खाली उतरला आणि माझ्याकडं बघत उभा राहिला. क्लच झटक्यात सोडतोस, मी म्हणालो. त्यानं मान हलवली. कबूल असल्यासारखी नव्हे, नोंद घेतल्यासारखी.

पुढच्या काही आठवड्यांत क्लचची एक प्लेट जळाली. मग दुसरी. जळक्या प्लेटचा वास एकदा शेडमध्ये पसरला की दिवसभर जात नाही, डब्यातल्या पोळीलासुद्धा येतो. अण्णा वैतागले. मी त्यांना म्हणालो, पाय क्लचवर ठेवून चालवतो तो. हे खोटं होतं का? मी पाहिलं नव्हतं, म्हणजे खोटंच. अण्णा म्हणाले, जुना ड्रायव्हर असं कसं करील? तेव्हा मी नुसतं विचारलं — मुद्दाम करत असेल का? एवढंच. संशय पेरायचा असेल तर ठाम काही बोलू नये, प्रश्न विचारावा, हे ज्ञान मला होतं. बाकीचं त्या दिवसांनी केलं. अण्णा वाईट माणूस नव्हते, पण ओटे त्यांच्याही गल्लीत होते.

मग खुलताबादकडं एका विहिरीचं काम निघालं आणि कॉम्प्रेसर दौलताबादच्या घाटातून न्यायची वेळ आली. निघण्याआधी उत्तम माझ्याकडं आला होता. साहेब, घाटात दगा होईल, म्हणाला. मी पाना पुसत राहिलो.

घाटाच्या निम्म्यावर क्लच गेला. गाडी मागं सरकायला लागली. ब्रेकला ते वजन थोडंच पेलणार? उत्तमनं गाडी कडेच्या दगडी कठड्याकडं वळवली म्हणून ती दरीत गेली नाही. कॉम्प्रेसर मात्र हुकातून सुटून आडवा झाला. बरोबर दोन मजूर होते, ते उड्या टाकून वाचले. कुणी मेलं नाही. ‘कुणी मेलं नाही’ हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलंय, त्याला सीमा नाही.

शनिवारी दुपारी अण्णांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. ते उत्तमला म्हणाले की तू माझी गाडी जाणूनबुजून मोडलीस, तुझ्या डोक्यात मोर्चाचा राग आहे. मी जे विचारलं होतं ते त्यांच्या तोंडून आता विधान होऊन आलं. उत्तम चिडला नाही. शर्टाची बाही कोपरापाशी फाटली होती, ती त्यानं दुमडून घेतली आणि म्हणाला :

“अण्णा, माझं काय बी खरं मानू नका. हाउसिंग उघडा आन् दात मोजा. त्रेचाळीस निघाले तर मी आपल्या पायानं जातो.”

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मागची खिडकी उघडी होती, बाहेर कुणीतरी लोखंड घासत होतं. मला वेळ होता. त्या घासण्याचे चार-पाच हात होतील एवढा वेळ होता.

“मी स्वतः बसवलाय, अण्णा,” मी म्हणालो. “मोजून.”

आता सांगतो. मी तो बसवलाच नव्हता. त्या दोन दिवसांत मी हाउसिंगमधलं जुनं तेल काढलं, नवं भरलं, झाकणाला नवं पॅकिंग लावलं, आणि बोल्ट पुसून चकचकीत केले, म्हणजे उघडल्यासारखं दिसावं. त्रेचाळीस-आठचा जोड मांडणीवर गोणपाटात बांधलेला होता तसाच राहिला. फक्त त्याला बांधलेली चिठ्ठी मी बदलली आणि तिच्यावर सदतीस-नऊ लिहिलं. कष्टाचा कंटाळा म्हणून नाही. उत्तमच्या सांगण्यावरून माझ्या हातांनी तो क्राऊन बदलावा, हे मला सहन झालं नाही. गाडी तशीच ओढेल आणि मग मी कधीतरी अण्णांना हसत सांगेन, असा माझा बेत होता. त्याचं तोंड बंद करायचं होतं मला. घाटात दोन मजूर बसणार आहेत, हे माझ्या कागदावर कुठं होतं?

अण्णांनी हाउसिंग उघडायला लावलं नाही. फोरमनचा शब्द होता. उत्तमला सांगितलं, सोमवारी येऊन तुझं सामान घेऊन जा.

रविवारी शेड बंद असते. किल्ली माझ्याकडं असायची. सकाळी देवपूजा आटोपून, हो, पूजा करून, मी गेलो. गाडी टो करून आणलेली होती. मी हाउसिंग उघडलं. आधी दात मोजले. मोजायची काय गरज होती? मला माहीतच होतं. तरी खडूची खूण करून मोजले, आणि सवयीनं पुन्हा मोजले. मग तो जोड काढून गोणपाटातला बसवला, आणि काढलेला त्याच गोणपाटात बांधून ठेवला. दातावर दात कुठं बसतो ते पाहायला दातांवर निळा रंग लावतात, त्याचा ठसा उमटतो, आणि ठसा मधोमध येईपर्यंत आत पातळ पत्रे घालत-काढत बसायचं. दिवस मावळायच्या आत काम झालं. फार सुंदर ठसा आला होता. इतकं चोख काम मी क्वचित केलं असेल. चिठ्ठीवर जे लिहिलं होतं ते आता खरं झालं होतं.

तो निळा रंग चिवट. रॉकेलनं हात धुतले, साबणानं धुतले, विटकरीच्या तुकड्यानं घासले. बोटांचा गेला. नखांच्या कडांत राहिला.

सोमवारी उत्तम आला. खणातलं उपरणं, कंगवा, दाखला घेतला. पिकअपची किल्ली द्यायला माझ्या टेबलाशी आला. मी हात पुढं केला. त्यानं किल्ली लगेच ठेवली नाही. माझ्या नखांकडं पाहत राहिला. गाड्यांत आयुष्य काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही की हा रंग दुसऱ्या कुठल्या कामाला वापरत नाहीत.

“किती निघाले, साहेब?” त्यानं विचारलं.

आवाज अगदी साधा होता, वेळ विचारावी तसा.

“काय किती?” मी म्हणालो.

त्यानं एकदा अण्णांच्या केबिनकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा जाणार आणि सांगणार. गेला नाही. का गेला नाही ते मला कळत होतं आणि त्यालाही कळलं होतं. आता हाउसिंग उघडलं असतं तर आत त्रेचाळीसच निघाले असते. मी त्याचा पुरावा धुऊन टाकला होता आणि त्याच्याच जागी माझा बसवला होता. त्यानं किल्ली माझ्या तळव्यावर ठेवली आणि तो फाटकातून बाहेर पडला, त्याच चढावरून.

त्याच्या जागी अण्णांनी गावाकडचा ग्यानबा आणला. मेंढरांमागं वाढलेला माणूस, दोन वर्षं पाण्याच्या टँकरवर काढलेली. तो पहिल्याच फेरीला कॉम्प्रेसर घेऊन घाट चढून गेला, निवांत. परत आल्यावर मला म्हणाला, गाडी हळू हाय साहेब, पर लई ओढती. अण्णांनी ते ऐकलं आणि माझ्याकडं वळून म्हणाले, बघा, गाडीत खोट नव्हतीच, माणसात होती. शेडमधल्या सगळ्यांनी ऐकलं. मी मान डोलावली. आधीचं सगळं एकीकडं आणि हे मान डोलावणं एकीकडं, असं मला वाटतं.

गाडी मोडणारा ड्रायव्हर, असं नाव एकदा पडलं की वाळूजसारख्या जागी ते माणसाच्या आधी पोचतं. एका कारखान्याच्या गाड्यांचं काम पाहणाऱ्या गृहस्थांनी मला विचारलंही होतं, उत्तम वाहूळ कसा आहे? सहा महिने उलटले असतील तेव्हा. राग कधीच ओसरला होता, कुणी माझ्यावर डोळे रोखून नव्हतं, एका चांगल्या शब्दानं माझं काही गेलं नसतं. मी म्हणालो, माणूस चांगला आहे, पण... आणि थांबलो. पुढचं त्यांनीच ओळखलं. नंतर मी त्याला शहागंजात हातगाडी ओढताना पाहिलं, लोखंडी पाइप लादलेली. चढ आला की मागून रेटायला कुणी नव्हतं. मी गल्ली बदलली.

शेवटचा पाहिला तो विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा. रस्ता माणसांनी भरला होता. मी कडेला उभा होतो, ऑटो मिळेना म्हणून. तो गर्दीतून चालत होता, केस पिकलेले, खांद्यावर तेच किंवा तसलंच उपरणं, शेजारी मोठी झालेली मुलगी. ती त्याला काहीतरी सांगत होती आणि तो हसत होता. मग त्यानं मला पाहिलं. ओळखलं. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली आली, हातांवर. हात स्वच्छ होते. तोवर मला शेड सोडून कितीतरी वर्षं झाली होती, नखांत साधं ग्रीससुद्धा नव्हतं. तरी मी ते खिशात घातले.

त्यानंतर तो दिसला नाही. मी शोधलाही नाही. शोधणं अवघड नव्हतं, एका रिक्षाच्या अंतरावर ती वस्ती होती.

त्यानं मला आयुष्यात एकच प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मला आदल्या दिवसापासून तोंडपाठ होतं. दोनदा मोजलं होतं मी, खडूची खूण करून.

सदतीस, उत्तम. सदतीस निघाले. पिनियनला नऊ.